दीर्घिकासमूहांचे लक्षण आणि त्यांचा क्रमविकास

१

एखाद्या वस्तूचे नाव तिच्या यथार्थ ज्ञानापूर्वीच रूढ झाले, म्हणजे पहिल्या पाहणाऱ्यास जे दिसले तेवढेच त्या नावात शिल्लक राहते. ‘दीर्घिकासमूह’ ह्या संज्ञेचे असेच झाले आहे. नावावरून पाहता दीर्घिकासमूह म्हणजे दीर्घिकांचा समूह. याहून अधिक काही त्यातून निघत नाही. परंतु गेल्या नव्वद वर्षांच्या निरीक्षणांचा निष्कर्ष निराळा आहे. मोठ्या समूहाच्या एकूण वस्तुमानात दीर्घिकांतील ताऱ्यांचा वाटा काही थोड्या टक्क्यांचाच असतो. दीर्घिकांमधील अवकाशात पसरलेल्या तप्त वायूचा वाटा त्याच्या कित्येक पट असतो. आणि उरलेला सुमारे ८५ टक्के भाग कृष्णद्रव्याचा असतो. ज्यांच्यावरून नाव पडले त्या दीर्घिका म्हणजे समूहाचा जवळजवळ नगण्य, पण दृश्य असा अंश होय.

नाव आणि वस्तू यांच्यातील हे अंतर केवळ शब्दाचे असते, तर त्याकडे दुर्लक्ष करावयास हरकत नव्हती. परंतु विश्वरचनाशास्त्रात समूहांची मोजदाद केली जाते, निरनिराळ्या काळांतील त्यांच्या संख्या परस्परांशी ताडून पाहिल्या जातात, आणि त्यांवरून विश्वातील द्रव्याच्या प्रमाणाविषयी अनुमान बांधले जाते. जे मोजावयाचे ते कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न अशा ठिकाणी प्रास्ताविक न राहता निष्कर्षाचाच भाग बनतो. म्हणून ह्या शाखेतील वाङ्मयाचे परीक्षण लक्षणाच्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

न्यायशास्त्राप्रमाणे लक्षण म्हणजे लक्ष्य वस्तूला इतर सर्व वस्तूंपासून वेगळे करणारा असाधारण धर्म. लक्षणाचे तीन दोष प्रसिद्ध आहेत. गाय म्हणजे कपिल वर्णाचा पशू असे म्हटल्यास पांढऱ्या गाई वगळल्या जातात, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला पशू असे म्हटल्यास म्हशीचीही गणना गाईंत होते, ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे अखंड खुराचा पशू असे म्हटल्यास ते लक्षण एकाही गाईला लागू पडत नाही, हा असंभव. समूहांच्या अभ्यासाचा इतिहास पाहता त्यात पहिल्या दोन दोषांशी चाललेला झगडा पदोपदी आढळतो.

२

ह्या झगड्याचा आरंभ जॉर्ज एबेल याच्या १९५८ सालच्या सूचीपासून मानणे योग्य होईल. त्यापूर्वी १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी याने अरुंधती केश तारकापुंजातील समूहाच्या दीर्घिकांचे वेग विचारात घेऊन असे दाखविले होते, की दिसणाऱ्या द्रव्याच्या आकर्षणाने इतक्या वेगवान दीर्घिका एकत्र बांधून ठेवणे शक्य नाही. तेथे न दिसणारे द्रव्य पुष्कळ असले पाहिजे. परंतु झ्विकीचा हा विचार एका समूहापुरता होता. समूह ही एक जाती मानून तिच्या सभासदांची नियमबद्ध यादी करण्याचे काम एबेलने केले. पालोमार वेधशाळेतील ४८ इंची श्मिट दुर्बिणीने केलेल्या आकाश-सर्वेक्षणाच्या काचा त्याने डोळ्यांनी तपासल्या आणि २,७१२ समूहांची नोंद केली.

एबेलचे लक्षण थोडक्यात असे. समूहातील तिसऱ्या क्रमांकाच्या तेजस्वी दीर्घिकेची प्रत पायाभूत धरावी. तिच्याहून दोन प्रतींपर्यंत अंधुक अशा निदान ५० दीर्घिका ठराविक त्रिज्येच्या वर्तुळात असाव्यात. ती त्रिज्या आजच्या मापाने सुमारे ७० लक्ष प्रकाशवर्षे भरते. आणि समूहाची ताम्रच्युती, म्हणजे वर्णपटातील रेषांचे तांबड्या बाजूस सरकणे, अंदाजे ०.०२ ते ०.२० या मर्यादेत असावी. ह्या सर्व अटी पुऱ्या करणारे समूह १,६८२ होते. उरलेले १,०३० यादीत असले तरी सांख्यिकीय विचारासाठी नाहीत, हे एबेलने स्वतःच स्पष्ट केले होते.

ह्या लक्षणातील ५० ही संख्या निसर्गाने ठरविलेली नाही. ४९ दीर्घिकांचा समूह आणि ५० दीर्घिकांचा समूह यांत वस्तुतः काहीच भेद नाही. तरीही एबेलच्या कार्याचे खरे मोल ह्या कृत्रिमतेच्या कबुलीतच आहे. त्याचे लक्षण कृत्रिम आहे, पण ते उघड आहे; दुसऱ्या कोणासही तेच लक्षण लावून तीच काच पुन्हा तपासता येते. शिवाय समूह जवळ असो वा दूर, त्रिज्या प्रत्यक्ष लांबीत धरावयाची आणि दीर्घिका समूहाच्याच तेजस्वी सभासदाच्या तुलनेने मोजावयाच्या, ही योजना अंतराचा परिणाम टाळण्यासाठी मुद्दाम केलेली आहे.

झ्विकीने १९६१ ते १९६८ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केलेल्या सूचीशी तुलना केली असता हा विशेष अधिक स्पष्ट होतो. झ्विकीने समूहाची सीमा दीर्घिकांची दाटी भोवतालच्या दाटीच्या दुप्पट असेल तेथे आखली. हे लक्षण दिसावयास अधिक स्वाभाविक आहे. पण दूरच्या समूहातील अंधुक दीर्घिका काचेवर उमटतच नसल्यामुळे तीच सीमा अंतराबरोबर बदलत जाते. दोघांत महासमूहांविषयीही तीव्र मतभेद होता. समूहांचेही समूह असतात असे एबेलला त्याच्या सूचीवरून दिसले. झ्विकीने ते अखेरपर्यंत नाकारले. झ्विकीच्या सैल सीमेत पुष्कळ विस्तार एकाच समूहात सामावून जाई, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या वादातील किती भाग आकाशाविषयी होता आणि किती लक्षणाविषयी, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

३

एबेलच्या लक्षणातील मोठा दोष अतिव्याप्तीचा. आकाशाचे छायाचित्र सपाट असते. एकाच दिशेला, पण परस्परांपासून फार दूर असलेल्या दीर्घिका त्यावर एकमेकींजवळ उमटतात. असे दृष्टिजन्य समूहही पन्नासाची अट पुरी करू शकतात. ताम्रच्युतीची मोजमापे वाढत गेली तसतसे सूचीतील काही समूह प्रत्यक्षात दोन-तीन लहान समूहांची एका रेषेत पडलेली सावली असल्याचे आढळले. अव्याप्तीही होतीच, कारण ज्या समूहात वायू आणि कृष्णद्रव्य विपुल, पण तेजस्वी दीर्घिका थोड्या, तो ह्या लक्षणातून निसटतो.

पुढील लक्षणांचा उदय ह्या दोषांच्या निवारणार्थ झाला असे म्हणता येईल. डिसेंबर १९७० मध्ये सोडलेल्या ‘उहुरू’ उपग्रहाने समूहांतून क्ष-किरण येत असल्याचे आणि त्यांचा उगम बिंदुरूप नसून पसरलेला असल्याचे दाखविले. हे किरण एक ते दहा कोटी अंश तापमानाच्या विरळ वायूचे. इतका तप्त वायू खोल गुरुत्वीय विवराखेरीज कोठे टिकणार नाही. म्हणून क्ष-किरण हे समूह खरोखरीच बांधलेला असल्याचे चिन्ह ठरले आणि अतिव्याप्ती पुष्कळशी दूर झाली. परंतु किरणांची तीव्रता वायूच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ज्यांच्या गाभ्यात वायू दाट व शांत आहे ते समूह त्यामुळे ठळक दिसतात. नुकत्याच आदळलेल्या, विस्कळीत समूहांकडे दुर्लक्ष होते.

तिसरे लक्षण रशीद सुन्याएव आणि याकोव झेल्दोविच यांनी १९७२ च्या सुमारास सुचविले. विश्वाच्या आरंभकाळापासून सर्वत्र भरून राहिलेले सूक्ष्मतरंगी प्रारण समूहाच्या वायूतून जाताना तेथील इलेक्ट्रॉनांकडून ऊर्जा घेते आणि त्या दिशेला प्रारणात एक लहानसा बदल राहतो. हा बदल समूहाच्या अंतरावर अवलंबून नसतो, हा त्याचा मोठा गुण. दक्षिण ध्रुवावरील १० मीटर दुर्बिणीने आणि ‘प्लँक’ उपग्रहाने ह्याच खुणेवरून समूह शोधले. प्लँकने प्रथम दाखविलेल्या समूहांत विस्कळीत समूहांचे प्रमाण क्ष-किरणांनी निवडलेल्या समूहांच्या मानाने अधिक आढळले. एका लक्षणाची अव्याप्ती दुसऱ्या लक्षणाने अशी उघडकीस आणली.

चौथे लक्षण गुरुत्वीय भिंगाचे. १९८७ साली एबेल ३७० ह्या समूहाभोवती दिसलेले प्रकाशाचे मोठे कंस हे त्याच्या मागील दीर्घिकेचे वाकलेले प्रतिबिंब असल्याचे पुढे सिद्ध झाले. ह्या समूहाची ताम्रच्युती ०.३७५ आहे, म्हणजे जी मर्यादा एबेलने आपल्या लक्षणात घातली होती तिच्याबाहेरचाच हा समूह त्याच्या नावाने प्रसिद्धीस आला. प्रकाश किती वाकतो हे एकूण वस्तुमानावर ठरते. ते द्रव्य दृश्य की कृष्ण, शांत की क्षुब्ध, यावर नाही. २००६ साली ‘बुलेट’ समूहाच्या अभ्यासात वायू एकीकडे आणि भिंगाने दाखविलेले वस्तुमान दुसरीकडे असे आढळले. दोन समूहांच्या टक्करीत वायू मागे रेंगाळला होता, तर कृष्णद्रव्य दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेले होते. ज्यांना समूहाची लक्षणे मानले जाई ती परस्परांपासून अलग होऊ शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

४

क्रमविकासाचा प्रश्न येथून अधिक अवघड होतो. कोणत्याही एका समूहाचा विकास पाहणे मनुष्याला शक्य नाही. त्यास अब्जावधी वर्षे लागतात. दूरचे समूह प्राचीन म्हणून आणि जवळचे समूह अर्वाचीन म्हणून घ्यावयाचे, आणि दोहोंतील फरकाला विकास म्हणावयाचे, एवढेच करता येते. ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही अडचण परिचित आहे. प्राचीन शिलालेखांची मराठी आणि लीळाचरित्राची मराठी यांतील भेद काळाचा म्हणून नोंदविण्यापूर्वी दानपत्राची भाषा आणि संभाषणाची भाषा हा प्रकारभेद वजा करावा लागतो. तो वजा न केल्यास साहित्यप्रकारातील फरक भाषेच्या इतिहासात जमा होतो.

हार्वी बुचर आणि ऑगस्टस ओमलर यांचा १९७८ सालचा शोध ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. चारशे ते पाचशे कोटी वर्षांपूर्वीचा प्रकाश ज्यांच्याकडून येतो अशा दोन समूहांत निळ्या, म्हणजे नवे तारे निर्माण करीत असलेल्या दीर्घिकांचे प्रमाण जवळच्या तत्सम समूहांपेक्षा बरेच अधिक असल्याचे त्यांनी दाखविले. ह्या निष्कर्षावर आक्षेप आले ते निरीक्षणाच्या अचूकतेपुरते नव्हते. दूरचे समूह आणि जवळचे समूह एकाच लक्षणाने निवडलेले आहेत काय, आणि निळ्या दीर्घिकांतील काही समूहाबाहेरच्या तर नाहीत ना, हा आक्षेपाचा गाभा होता. पुढे ताम्रच्युतीची मोजमापे आणि हबल दुर्बिणीची छायाचित्रे यांमुळे मूळ निष्कर्षाला आधार मिळाला. समूहांतील दीर्घिकांची तारानिर्मिती काळाच्या ओघात खरोखरीच मंदावली आहे. तरी परिणामाचे प्रमाण निवडीच्या रीतीप्रमाणे बदलते, ही गोष्ट त्या आक्षेपांमुळेच ध्यानात आली.

याहून सूक्ष्म दोष समूहाच्या सीमेत दडलेला आहे. समूहाला काठ नसतो. त्याची घनता बाहेर जाता जाता कमी होत जाते. म्हणून समूहाचे वस्तुमान सांगताना एक संकेत पाळला जातो: ज्या त्रिज्येच्या आत सरासरी घनता विश्वाच्या तत्कालीन क्रांतिक घनतेच्या २०० किंवा ५०० पट असते, त्या त्रिज्येपर्यंतचे द्रव्य ते समूहाचे वस्तुमान. संकेत सोयीचा आहे. परंतु विश्व प्रसरण पावत असल्याने क्रांतिक घनता कालांतराने घटत आली आहे. आणि मोजपट्टीच घटत असल्यामुळे समूहात एक कणही नवा न पडता त्याची सीमा बाहेर सरकते व वस्तुमान वाढल्याचे नोंदले जाते. २०१३ साली बेनेडिक्ट डीमर, सुरहुद मोरे आणि आंद्रेई क्रावत्सोव यांनी ह्या आभासी वाढीचे विवेचन केले. तीत समूह जेथल्या तेथे राहतो आणि विकास होतो तो व्याख्येचा. यावर उपाय म्हणून आत पडलेले द्रव्य पहिल्या फेरीत जेथवर परत उसळते, ती मर्यादा समूहाचा स्वाभाविक काठ मानावी, अशी सूचना पुढे आली. हा काठ वस्तूच्या गतीतून निघतो, संकेतातून नव्हे; म्हणून त्या सूचनेचे महत्त्व मोठे आहे.

५

निर्मितीच्या प्रश्नात आणखी एक प्रकारची अडचण उद्‌भवते. विश्वात आधी लहान पिंड आणि मग त्यांच्या विलीनीकरणाने मोठे पिंड झाले, हे आज सर्वमान्य आहे. विल्यम प्रेस आणि पॉल शेक्टर यांनी १९७४ साली ह्या क्रमाचे गणित मांडले होते. आधी प्रचंड पत्रे आणि मग त्यांचे तुकडे, हा झेल्दोविचच्या परंपरेतील उलटा क्रम पुढे मागे पडला. ह्या दृष्टीने समूह म्हणजे गुरुत्वाने बांधलेल्या पिंडांतील सर्वांत मोठे आणि म्हणूनच सर्वांत उशिरा तयार झालेले पिंड. त्यांचा आरंभ शोधावयाचा म्हणजे ज्या काळी ते समूह झालेच नव्हते त्या काळाकडे वळावे लागते. अशा अवस्थेला आदिसमूह म्हणतात. जेम्स वेब दुर्बिणीच्या साहाय्याने २०२३ साली एबेल २७४४ ह्या समूहाच्या मागे, ७.९ इतक्या ताम्रच्युतीवर, सात दीर्घिकांचा असा एक आदिसमूह निश्चित झाला. तेव्हा विश्वाचे वय सुमारे ६५ कोटी वर्षे होते.

ही संज्ञा महाभाष्यातील एका प्रसिद्ध चर्चेची आठवण करून देते. समोरच्या सुताचे लुगडे विण असे कोणी विणकराला सांगतो. ते जर लुगडे असेल तर विणावयाचे कशाला, आणि विणावयाचे असेल तर ते लुगडे कसे? पतंजलीचे उत्तर असे, की ही भाविनी संज्ञा होय. विणून झाल्यावर ज्याला हे नाव मिळेल ते विण, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. आदिसमूह हीदेखील भाविनी संज्ञा आहे. ती वापरणारा आज दिसणाऱ्या दाटीविषयी बोलत नसून ती दाटी पुढे समूह होईल असे भविष्य वर्तवीत असतो. आणि हे भविष्य संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे वर्तविलेले असते. यात गैर काही नाही. मात्र ज्या सिद्धांताची परीक्षा करावयाची त्याच्याच आधारे परीक्षेची सामग्री निवडली गेली असेल, तर तसे सांगितले पाहिजे.

ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू महासमूहांत दिसते. २०१७ साली पुण्यातील आयुका आणि आयसर या संस्थांतील व अन्य संशोधकांनी ‘सरस्वती’ हा महासमूह जाहीर केला. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांचा आहे. त्यातील दोन प्रमुख समूहांपैकी एक एबेलच्या सूचीतील क्रमांकाने आणि दुसरा झ्विकीच्या नावाने ओळखला जातो. महासमूहांविषयी ज्यांचे पटले नाही त्या दोघांची नावे एका महासमूहात अशी एकत्र आली आहेत. परंतु असा महासमूह पूर्णपणे बांधलेला असतोच असे नाही. सरस्वतीचा गाभा गुरुत्वाने बांधलेला असल्याचे संशोधकांनी गणिताने दाखविले, आणि ही मर्यादा स्पष्टपणे नोंदविली. विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याने गाभ्याबाहेरचे पुष्कळ भाग कधीच एका पिंडात येणार नाहीत. आदिसमूहाची संज्ञा पुढे सार्थ होणार, महासमूहाची बव्हंशी होणार नाही. आणि निरीक्षणाच्या क्षणी मात्र दोन्ही केवळ दाट्याच असतात.

६

ह्या सर्व चर्चेचे प्रयोजन काय, याचे उत्तर गेल्या काही वर्षांतील तीन निष्कर्षांत मिळते. २०१३ साली प्लँक संघाने १८९ समूहांची संख्या तपासली. आद्य प्रारणावरून केलेल्या भाकिताच्या मानाने समूह कमी भरले. वायूच्या समतोलावरून काढलेले वस्तुमान खऱ्याच्या सुमारे ८० टक्के असते, हे गृहीत त्या गणितात होते. ते प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास मानले की विसंगती नाहीशी होई. म्हणजे नव्या भौतिक सिद्धांताची गरज आहे की जुन्या मोजपट्टीची दुरुस्ती पुरेशी आहे, हा निर्णय एका गुणकावर येऊन ठेपला. २०२० साली ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ने दीर्घिकांच्या संख्येवरून निवडलेले समूह मोजले, तेव्हा विश्वातील द्रव्याचे प्रमाण इतर सर्व मापांपेक्षा फारच कमी निघाले. थोड्या दीर्घिकांच्या समूहांचे वस्तुमान ठरविण्यातच कोठेतरी दोष असावा, असे त्या संघाने स्वतः नमूद केले. एबेलच्या काचांवरील जुना प्रश्न संगणकाच्या युगातही असा परत आला. आणि २०२४ साली ‘ई-रोसिटा’ ह्या क्ष-किरण दुर्बिणीच्या संघाने ५,२५९ समूहांच्या आधारे काढलेली मापे प्लँकच्या आद्य प्रारणाशी जुळली. येथे निवड क्ष-किरणांनी केली होती, पण वस्तुमानाचे प्रमाणीकरण गुरुत्वीय भिंगाने, म्हणजे निवडीशी संबंध नसलेल्या स्वतंत्र लक्षणाने केले होते.

तिसऱ्या निष्कर्षाने सर्व वाद मिटला असे समजणे घाईचे होईल. तथापि त्यातील पद्धती अनुकरणीय आहे. समूह एका लक्षणाने शोधावा, त्याचे वजन दुसऱ्या लक्षणाने करावे, आणि दोहोंतील संबंध काळानुसार बदलतो काय हे तपासल्यावरच विकासाविषयी विधान करावे. प्रत्येक लक्षणाची अव्याप्ती व अतिव्याप्ती ठाऊक असेल तर त्या दोषांचा हिशेब ठेवता येतो. दोष न दाखविता केवळ संख्या दिल्यास त्या संख्येचे मोल कळण्यास मार्ग राहत नाही.

एबेलविषयी न्याय करावयाचा तो ह्याच कसोटीवर. त्याच्या यादीत न बसावयास हवे ते पुष्कळ बसले आणि बसावयास हवे ते पुष्कळ राहिले, हे खरे. परंतु आपण समूह कशाला म्हणतो हे त्याने अटींनिशी लिहून ठेवले, म्हणूनच पुढील पिढीला त्याच्या चुका नेमक्या दाखविता आल्या. समूहांच्या विकासावर आज प्रसिद्ध होणाऱ्या कोणत्याही निबंधाकडून विद्यार्थ्याने प्रथम हीच अपेक्षा करावी, आणि ती पुरी होत नसेल तर त्यातील संख्यांकडे वळण्याची घाई करू नये.